हप्त्यावरची गाडी नेमकी कोणाची?

कर्ज काढून घेतलेल्या गाडीचं आरसी एकदा नीट निरखून पाहा. आपलं नाव, चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनं असा सगळा तपशील असतोच, पण तळहाताएवढ्या त्या कार्डावर आणखी एक नाव असतं, बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं. पेट्रोल आपण भरतो, विमा आपण उतरवतो, पीयूसीच्या रांगेत आपण उभे राहतो. तरी हे दुसरं नाव हप्ते संपेपर्यंत तिथून हलत नाही आणि ते असेपर्यंत त्याच्या संमतीवाचून गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कोणी म्हणतं गाडीवर बोजा आहे, कोणी म्हणतं एचपी चढलेली आहे.

मग धंदा बसतो किंवा नोकरी जाते आणि हप्ते थकतात. एके दिवशी टोलनाक्याच्या पुढे दोन-तीन तरुण मोटारसायकल आडवी घालतात, मोबाइलवर नंबर दाखवतात आणि चावी मागतात. "गाडी माझी आहे," असं एक बाजू म्हणते. "गाडी कंपनीची आहे," असं दुसरी म्हणते. रस्त्याच्या कडेला चाललेला हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्यात पियानो आहे, सावकार आहे, लंडनच्या संसदेतली एक लढाऊ बाई आहे आणि भारताच्या संसदेने मंजूर करूनही एक दिवससुद्धा अमलात न आलेला एक कायदाही आहे. आणि नवलाची गोष्ट म्हणजे त्या रस्त्यावरच्या दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या खऱ्या असतात.

मालक ठरतो ताब्यावरून

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मालकाची जी व्याख्या आहे, ती वाचून पहिल्यांदा माणूस चक्रावतो. साधारणपणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी तो मालक. पण गाडी भाडेखरेदीच्या, भाडेपट्ट्याच्या किंवा नजरगहाणाच्या कराराखाली असेल, तर त्या करारानुसार गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. इथे कायदा पैसे कोणाचे हे विचारत नाही, चाक कोणाच्या हाती हे विचारतो.

याचे परिणाम फार मजेशीर आहेत. हप्त्यावरच्या गाडीने अपघात केला, तर भरपाई बँकेनेही द्यावी का? कारण आरसीवर तिचंही नाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात नाही असं सांगितलं. गाडी कर्जदाराच्या ताब्यात होती, म्हणून त्या कामापुरता मालक कर्जदार. आता हीच गोष्ट उलटी करून पाहू. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीने व्यावसायिक वाहन ओढून नेलं आणि ते यार्डात उभं राहिलं. मग रस्ता कर कोणी भरायचा? उत्तर प्रदेशातल्या अशाच वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला की ताबा घेतल्या दिवसापासून कर कंपनीने भरायचा. गाडी हातात घेतली की तिच्याबरोबर जबाबदारीही हातात येते.

म्हणजे "मालक" हे एकच पद नाही. नोंदणीचा मालक वेगळा, ताब्याचा मालक वेगळा आणि पैसे थकल्यावर गाडी विकण्याचा हक्क असलेला आणखी वेगळा. हप्ते वेळेवर जात असतात तोवर ही तिन्ही माणसं एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात. वाद पेटला की ती वेगळी होतात.

पियानो, सावकार आणि हाउस ऑफ लॉर्ड्स

ही फाळणी सुरू झाली ती मोटारी रस्त्यावर येण्याच्याही आधी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शिलाई यंत्रं, फर्निचर आणि पियानो हप्त्यावर मिळू लागले. ब्रूस्टर नावाच्या गृहस्थाने हेल्बी नावाच्या व्यापाऱ्याकडून एक पियानो आणला. करार असा होता की दरमहा १० शिलिंग ६ पेन्स, असे ३६ हप्ते, म्हणजे एकूण १८ गिनी भरल्या की पियानो ब्रूस्टरचा. तोवर तो भाड्याचा, आणि वाटेल तेव्हा परत करायची मुभा. ब्रूस्टरने हप्ते पुरे व्हायच्या आतच पियानो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण ठेवला.

आता पियानो कोणाचा? सावकार म्हणाला, मी इमानाने पैसे मोजले. ज्याने विकत घ्यायचं कबूल केलं आहे आणि माल ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला त्या वेळचा कायदा संरक्षण देत होता. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १८९५ मध्ये निकाल लागला की ब्रूस्टरने विकत घ्यायचं कबूल केलेलंच नव्हतं. पियानो परत करायची मुभा त्याला होती, म्हणजे खरेदी त्याच्या मर्जीवर होती, बंधनकारक नव्हती. म्हणून पियानो हेल्बीचाच राहिला आणि सावकाराने तो परत करायचा.

"वाटेल तेव्हा परत करा" ही ग्राहकाला दिलेली सवलत वाटते. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने मालकी शेवटच्या हप्त्यापर्यंत व्यापाऱ्याच्या खिशात ठेवली. उधारीवर माल देणाऱ्या सगळ्या धंद्याला त्या निकालाने पाया मिळाला, आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा त्याही याच साच्यातून विकल्या गेल्या.

एक तृतीयांशाची रेघ

सोय तिथे दुरुपयोग. इंग्लंडमधल्या काही व्यापाऱ्यांनी लवकरच हिशेब मांडला. गिऱ्हाइकाने बहुतेक हप्ते भरले, शेवटचे दोन-चार राहिले आणि तेवढ्यात एखादा चुकला, तर माल उचलून आणायचा. भरलेले पैसे आपले, मालही आपला, आणि तो पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला हप्त्यावर. कायद्याने यात काहीच वावगं नव्हतं. माल मालकाचा, त्याने तो परत नेला.

जॅरो गावच्या खासदार एलन विल्किन्सन या प्रकारावर तुटून पडल्या. १९३६ मध्ये बेकारीने उजाड झालेल्या जॅरोहून लंडनपर्यंत निघालेल्या पायी मोर्चात पुढे असणाऱ्या त्या याच. सरकारची वाट न पाहता त्यांनी खाजगी विधेयक मांडलं आणि १९३८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातली मुख्य कल्पना विलक्षण साधी होती. एकूण किमतीचा एक तृतीयांश भाग फेडला की माल परत नेण्यासाठी कोर्टाची पायरी चढायची. न्यायाच्या प्रश्नाला त्यांनी अपूर्णांकात उत्तर दिलं, आणि अपूर्णांक कोणालाही मोजता येतो.

ती रेघ ब्रिटनमध्ये आजही आहे. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने ती मोटारींच्या भाडेखरेदीलाही लागू ठेवली आणि तिला असा दात बसवला की ऐकून नवल वाटावं. एक तृतीयांश रक्कम भरून झाल्यावर कंपनीने कोर्टाच्या हुकुमावाचून आणि ग्राहकाच्या संमतीवाचून गाडी नेली, तर करार तिथेच संपतो, ग्राहक उरलेल्या देण्यातून मोकळा होतो आणि आधी भरलेली सगळी रक्कम परत मागू शकतो. घराच्या आवारात शिरून गाडी काढायला तर कोर्टाचा हुकूम लागतोच. दुसरी रेघ निम्म्यावर. एकूण देण्याच्या निम्मे पैसे भरून गाडी नीट अवस्थेत परत केली, तर ग्राहक कराराबाहेर पडू शकतो.

तिथे आता भांडण ताब्याकडून कराराच्या पोटात सरकलं आहे. गाडी विकणारा डीलरच कर्जही मिळवून देतो आणि त्याबद्दल फायनान्स कंपनीकडून कमिशन घेतो, हे ग्राहकाला कितपत सांगितलं जातं? १ ऑगस्ट २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या वादात कंपन्यांच्या बाजूने बरंच काही मान्य केलं. पण एका ग्राहकाच्या बाबतीत कमिशन कर्जावरच्या एकूण आकाराच्या ५५ टक्के निघालं, आणि हे नातं अन्याय्य असल्याचं ठरवून न्यायालयाने ते १,६५० पौंडांचं कमिशन व्याजासकट त्याला द्यायला लावलं. आपल्याकडच्या शोरूममध्ये यालाच "पेआउट" म्हणतात. एकाच बँकेची शिफारस सेल्समन इतक्या मायेने का करतो, याचं उत्तर पुष्कळदा त्या शब्दात असतं.

कधीच न जागलेला कायदा

भारतानेही अशी रेघ आखली होती. १९७२ मध्ये संसदेने भाडेखरेदी कायदा मंजूर केला. किमतीनुसार अर्धा, पाऊण असा ठरावीक हिस्सा फेडून झाला की कोर्टाशिवाय माल परत नेता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. मोटारींसाठी वेगळी मापं दिली होती. राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापून आला. पण तो प्रत्यक्ष अमलात आलाच नाही. तीन दशकांहून अधिक काळ तो पुस्तकात पडून राहिला आणि २००५ मध्ये संसदेने तो रद्द केला. एक दिवसही न वापरलेला कायदा रद्द करण्यासाठी दुसरा कायदा करावा लागला!

म्हणून आपल्याकडे "एवढे हप्ते भरले, आता गाडी नेता येणार नाही" असा आकडा नाही. साठातले अठ्ठावन्न हप्ते भरलेल्या माणसाचीही गाडी निव्वळ आकड्याच्या आधारावर वाचत नाही. त्या पोकळीत दोन गोष्टी शिरल्या. एक, कर्जाचा छापील करारनामा आणि दुसरी, न्यायालयांचे निकाल.

आजकाल वैयक्तिक वाहनकर्ज बहुतेक वेळा नजरगहाणाचं असतं. भाडेखरेदीत शेवटच्या हप्त्यापर्यंत मालकी कंपनीची असते. नजरगहाणात मालकी पहिल्या दिवसापासून आपली असते, कंपनीला गाडीवर हक्क असतो आणि थकबाकी झाल्यावर ताबा मागण्याची मुभा करारातून मिळते. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून हा फरक कळणं अशक्य. हप्ता तोच, गाडी तीच. फरक फक्त करारनाम्यात, आणि कोर्टात आधी तोच पाहतात.

नेता येते, पण कशी?

गाड्या उचलणाऱ्यांना गावोगावी "सीझर" किंवा "सीझिंगवाले" म्हणतात. त्यांच्या मोबाइलमध्ये थकीत गाड्यांची यादी असते. ढाब्यावर, पार्किंगमध्ये, चौकात उभं राहून नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडी यादीत आहे की नाही ते दिसतं. गाडी हाती लागली की पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, नाहीतर मालक चोरीची तक्रार द्यायला येतो. मग गाडी यार्डात. यार्डाच्या दारात एक कागद भरला जातो, त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. किलोमीटर किती, स्टेपनी आहे का, जॅक आहे का, बॅटरी कोणत्या कंपनीची, टायर किती झिजलेत, कुठे पोचा आहे, आत काय सामान आहे. पाच-सात ओळींचा हा कागद फार मोलाचा. पुढे लिलावात गाडी कवडीमोलाने गेली आणि "गाडीची अवस्थाच वाईट होती" असं उत्तर आलं, तर त्या उत्तराची परीक्षा याच कागदावर होते. म्हणून त्याची प्रत मागायची आणि सही करण्यापूर्वी तो वाचायचा.

आता कोर्टांकडे वळू. त्यांचे निकाल सलग वाचले तर सुरुवातीला एकमेकांच्या विरोधात वाटतात. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चरणजित सिंग चढ्ढा प्रकरणात म्हटलं की भाडेखरेदीतली गाडी कराराप्रमाणे परत नेणं ही चोरी नाही. स्वतःचीच वस्तू कोण चोरणार? २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात त्याच न्यायालयाने दंडेली करणारी माणसं वसुलीला धाडण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की करार भाडेखरेदीचा असला तरी ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यायचा, बळजोरीने नाही. मग २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्पच्या प्रकरणात पारडं पुन्हा फिरल्यासारखं वाटलं. ग्राहकाने सात हप्ते भरून पुढचे थकवले होते. न्यायालय म्हणालं, कंपनी मालक आहे, तिने गाडी नेली यात गैर नाही. मात्र नीट नोटीस दिली नाही ही सेवेतली त्रुटी, तिच्याबद्दल १५ हजार रुपये द्या.

हे सगळे निकाल शेजारी-शेजारी ठेवले की त्यांच्यातला विरोध विरघळतो. न्यायालय दर वेळी दोन वेगळे प्रश्न विचारत आलं आहे. नेण्याचा हक्क होता का? आणि नेताना वागणूक कशी होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हप्ते थकलेले असताना बहुतेकदा कंपनीच्या बाजूने जातं. दुसऱ्या प्रश्नात ग्राहकाला जागा सापडते. नोटीस, धाक, मारहाण, वेळ, कागदपत्रं, लिलाव हे सगळं दुसऱ्या प्रश्नात येतं. २०२३ च्या मे महिन्यात पाटणा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव रंजन प्रसाद यांनी तर गाड्या बळाने हिसकावण्याचा प्रकार थेट घटनेच्या एकविसाव्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या आणि उपजीविकेच्या हक्काशी नेऊन भिडवला, संबंधित बँका आणि कंपन्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड ठोठावला आणि असे प्रकार होऊ न देण्याची जबाबदारी पोलीस अधीक्षकांवर टाकली.

"गाडी माझी आहे" हे वाक्य म्हणूनच वादात फारसं उपयोगी पडत नाही. ते खरं असलं तरी पुरेसं नसतं. "गाडी कोणत्या अधिकारपत्रावर, कोणत्या नोटिशीनंतर, किती वाजता, कोणाच्या सहीने नेली?" हे वाक्य उपयोगी पडतं.

रिझर्व्ह बँकेचं न वाचलेलं पान

कायद्याने आखायची राहिलेली रेघ रिझर्व्ह बँकेने वेगळ्या रीतीने आखली आहे. फायनान्स कंपन्यांसाठीच्या तिच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार वाहनकर्जाच्या करारात ताब्याचं कलम असायलाच हवं, आणि त्यात या गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात: ताब्याआधी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत टाळता येते, ताबा घ्यायची पद्धत, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी कर्जदाराला परत देण्याची पद्धत आणि लिलावाची पद्धत. करारात यातलं काही नसेल किंवा असूनही पाळलं गेलं नसेल, तर वादाचा मुद्दा आयताच हाती लागतो.

याच संहितेत आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार त्याच्या प्रादेशिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत व्हायला हवा, आणि कराराची प्रत सगळ्या जोडपत्रांसह कर्जाच्या वेळीच त्याला मिळायला हवी. चाळीस पानी इंग्रजी करारावर शोरूमच्या टेबलाशी पेन्सिलीच्या खुणा पाहून सह्या करणाऱ्या सांगलीच्या किंवा परभणीच्या माणसाला "मला हे मराठीत द्या" असं म्हणायचा आधार तिथे आहे.

वसुलीच्या वागणुकीलाही वेळापत्रक आहे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना छळायचं नाही. एजंटाकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र हवं. एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच. ही जबाबदारी कागदावरच राहत नाही, हे त्याच वर्षी दिसलं. झारखंडमध्ये हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या ताब्यावरून झालेल्या झटापटीत एका गरोदर स्त्रीचा मृत्यू झाला. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या एका मोठ्या वाहन फायनान्स कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली आणि ताबा घेण्यास मनाई केली. काही महिन्यांनी, कंपनीने आपली व्यवस्था सुधारायला घेतल्यावर, ती उठली.

आकड्यांची जादू

ताब्याइतकाच मोठा वाद हिशेबाचा असतो, आणि त्यातली गंमत समजायला शाळेतलं गणित पुरतं. समजा, सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दर "दहा टक्के फ्लॅट". व्याज दरवर्षी साठ हजार, पाच वर्षांचे तीन लाख. एकूण नऊ लाख, साठ हप्ते, प्रत्येकी १५,००० रुपये. सरळ वाटतं. पण मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण सहा लाखांवर लावलेलं आहे. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर १७ टक्क्यांच्या वर जातो. खऱ्या दहा टक्क्यांच्या घटत्या दराने त्याच कर्जाचा हप्ता सुमारे १२,७४८ रुपये येतो. दोन्हीकडे तोंडी सांगितला जाणारा आकडा दहा टक्केच. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचं पत्रक सक्तीचं केलं आणि त्यात सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर लिहायला लावला, तो यासाठीच.

आता त्याच घटत्या दराच्या कर्जाचे २४ हप्ते भरले असं धरू. खिशातून साधारण ३ लाख ६ हजार गेले. मुद्दल किती फिटली? जेमतेम २ लाख ५ हजार. अजून ३ लाख ९५ हजार देणं आहे. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो, म्हणून "निम्म्याच्या आसपास तर भरले की" ही मनाची समजूत आणि कंपनीचं खातं यांचा मेळ बसत नाही. दरम्यान गाडी झिजतच असते. विम्याच्या प्रचलित तक्त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी खाली धरतात, आणि यार्डातल्या लिलावात भाव त्याहूनही खाली बसतो. समजा लिलावात सव्वातीन लाख आले, तर गाडी गेली आणि वर सत्तर हजार, शिवाय ताब्याचा आणि यार्डाचा खर्च कर्जदाराच्या नावावर उरला.

"गाडी नेली, आता विषय संपला" हा समज म्हणून सगळ्यात महाग पडतो. गाडी गेल्याने कर्ज मिटत नाही, लिलावात आलेली रक्कम फक्त त्यातून वजा होते. गहाणाबाबत १८७२ च्या करार कायद्यात दीडशे वर्षांपासून हेच सूत्र आहे. विक्रीपूर्वी वाजवी नोटीस द्यायची, रक्कम कमी आली तर उरलेली ऋणको देतो, जास्त आली तर वरचे पैसे त्याला परत मिळतात. म्हणून लिलावाची तारीख, बोली आणि विक्रीची रक्कम यांची माहिती लेखी मागणं हा फुकाचा हट्ट नव्हे. सत्तर हजारांचा आकडा खरा की फुगवलेला, ते त्या कागदांवरूनच कळतं.

थकबाकीच्या दंडातही एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पूर्वी दंड व्याजाच्या रूपाने लागायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढायचं. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना आणि त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत जुन्या कर्जांनाही नवा नियम लागू झाला की दंड हा स्वतंत्र आकार असेल आणि त्यावर व्याज चढणार नाही. खात्याचा उतारा, म्हणजे स्टेटमेंट ऑफ अकाउंट, मागवून त्यातली दंडाची रांग तपासली तर पुष्कळांच्या वादाला तोंड तिथेच फुटतं.

दाद कुठे मागायची

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. बँका आणि बहुतेक मोठ्या फायनान्स कंपन्या त्यांच्या कक्षेत येतात आणि तक्रारीला फी नाही. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय चेन्नईत असो की कोलकात्यात. मुदत साधारण दोन वर्षं.

टेम्पो किंवा रिक्षावाल्याला इथे हमखास सांगितलं जातं की तुमचं वाहन धंद्याचं, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेलं वाहन ग्राहकाच्या व्याख्येत बसतं, आणि १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवायला घेतलेल्या वाहनांची उदाहरणं देऊन ते समजावलं आहे.

तिसरी गोष्ट लवादाची. बहुतेक करारांत वाद झाल्यास लवादाकडे जायचं कलम असतं, लवाद दूरच्या शहरात बसतो आणि ताब्याचा अंतरिम आदेशही तिथूनच निघतो. कर्जदाराला पत्ता लागतो तो गाडी गेल्यावर. मात्र ज्याचा निकालात स्वार्थ आहे, त्यानेच एकट्याने लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केलं आहे. आणि करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्येच ठरलेलं आहे. लवादाची नोटीस आली की ती घडी घालून कपाटात ठेवायची नसते. निवाडा हाती आल्यावर त्याला आव्हान द्यायला तीन महिनेच असतात.

वाद मिटला, हप्ते फिटले, तरी एक काम उरतंच. फायनान्सरची एनओसी आणि त्याच्या सहीचा फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय आरसीवरचं ते दुसरं नाव आपोआप पुसलं जात नाही.

एलन विल्किन्सनबाईंनी इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला एक अपूर्णांक दिला. आपल्याला तो मिळता मिळता राहिला. आपली रेघ कायद्याच्या पुस्तकात नाही, ती प्रत्येकाच्या करारनाम्यात ताब्याच्या कलमात लपलेली आहे, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. हप्ता चुकण्याची वाट न पाहता कंपनीला एक पत्र लिहा, करारनाम्याची प्रत आणि खात्याचा उतारा मागवा, मराठीत मागवा. वसुलीवाला दारात आल्यावर ते कलम शोधत बसणाऱ्यापेक्षा आधीच वाचून बसलेल्या माणसाशी बोलताना समोरच्याचा सूर बराच मऊ असतो.